जोडवे, मंडूर आणि दाबयंत्र

गर्भारपणाच्या उत्तरार्धात स्त्रीच्या अंगावर सूज चढू लागली की त्याची पहिली वर्दी वैद्याला किंवा सुईणीला नव्हे, तर तिच्या पायातल्या जोडव्याला लागते. सकाळी बोटात सैल फिरणारे चांदीचे जोडवे दिवेलागणीला रुतू लागते, मग तेलाचा हात लावून ते काढावे लागते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चढत नाही. सोलापुरात बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या मागाशेजारी बसून कांड्या भरल्या, गिरणीत उभ्याने पाळ्या केल्या आणि मांडीवर सूप घेऊन विड्या वळल्या. अशा गावात पायांची सूज ही कामाचीच खूण समजली जावी आणि तिच्याकडे कोणी फारसे लक्ष देऊ नये, यात नवल नाही.

वास्तविक ही सूज दोन भिन्न व्याधींची दूती असू शकते. एक रक्तातील लोहाची उणीव आणि दुसरी रक्ताचा वाढलेला दाब. पहिली डोळ्यांना दिसते: खालची पापणी ओढून पाहिली, नखे आणि जीभ न्याहाळली की अनुभवी सुईणीलाही तिचा अंदाज येतो. दुसरी मात्र उघड्या डोळ्यांना दिसतच नाही. दिसणाऱ्या व्याधीने न दिसणारीला दीर्घ काळ झाकून ठेवले, हाच येथील बाळंतपणांच्या इतिहासाचा मला जाणवलेला गाभा होय.

जुन्या वैद्यांना पांडुरोग उत्तम ठाऊक होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात त्याला स्वतंत्र अध्याय आहे आणि नवायस लोह व पुनर्नवा मंडूर हे लोहाचे कल्प त्यातच सांगितले आहेत. मंडूर म्हणजे लोखंड गाळताना उरलेला मळ. तो जितका जुना तितका गुणकारी, शंभर वर्षे मातीत पडलेला सर्वोत्तम, असा रसशास्त्राचा दंडक. तो लालभडक तापवून गोमूत्रात पुनःपुन्हा विझवीत आणि मग त्याचे भस्म करीत. लोखंडाच्या भट्टीपाशी पडलेला हा टाकाऊ गोळा बाळंतिणीच्या मात्रेत येतो, ही कल्पनाच विलक्षण आहे. त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की पुनर्नवा ही सुजेवरची वनस्पती आणि मंडूर हा पांडूवरचा उपाय, या दोहोंना वैद्याने एकाच गोळीत बांधले. फिकटपणा आणि सूज बरोबरीने येतात हे त्याने अचूक टिपले होते; एकीचा उगम रक्तात आणि दुसरीचा कधीकधी वारेत असतो, हे मात्र त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. कालिदासानेही रघुवंशात गर्भवती राणी सुदक्षिणेच्या मुखाला मातीचा सुगंध दिला आहे. राजा त्या सुगंधावर लुब्ध होतो. आजचा वैद्य असता तर त्याने माती खाण्याच्या त्या डोहाळ्याची नोंद घेऊन रक्त तपासायला धाडले असते.

१८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी सुरू झाली, ती पुढे ‘जुनी गिरण’ म्हणून ओळखली गेली. ते वर्ष दख्खनच्या भीषण दुष्काळाचे होते. त्यानंतर नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी या गिरण्यांची धुराडी उभी राहिली, तेलंगणातून पद्मशाली कुटुंबे येऊन स्थायिक झाली आणि स्त्रियांची नावे मुकादमाच्या हजेरीपटावर चढली. गिरणीच्या दफ्तरात त्यांची पाळी, रजा आणि दंड यांची नोंद होई. रक्ताची नोंद ठेवण्याची तजवीज कोठेच नव्हती.

ती पहिल्याने झाली मुंबईत, आणि तीही गिरणकामगार स्त्रियांच्याच निमित्ताने. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची इंग्रज वैद्यक-संशोधिका मुंबईस आली आणि गर्भवतींच्या जीवघेण्या पांडुरोगाचा तिने अभ्यास आरंभिला. लोह देऊनही यांतील कित्येक स्त्रिया सुधारत नाहीत, मात्र यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइट या स्वस्त खाद्यपदार्थाने सुधारतात, असे तिने दाखविले आणि १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून सिद्ध झाला. आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या रक्तवाढीच्या गोळीत लोहाशेजारी जे फॉलिक आम्ल असते, त्याचे मूळ असे गिरणगावात आहे. त्याच १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूतिलाभाचे विधेयक चर्चेस आले, डॉ. आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला, आणि १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला. बाळंतपणाच्या रजेचा भत्ता हा कामगार स्त्रीचा हक्क ठरला, हे थोडे नव्हे.

न दिसणाऱ्या व्याधीची कथा अधिक मंदगतीची आहे. वाढत्या दाबाने बाळंतपणात झटके येऊन बेशुद्ध होणारी स्त्री ही बाहेरच्या बाधेने पछाडली आहे, अशी समजूत आपल्याकडे अंगाऱ्याधुपाऱ्यापर्यंत नेई, आणि विलायतेतही फार निराळे ज्ञान होते अशातला भाग नाही. १८४३ मध्ये लंडनच्या जॉन लेव्हर या वैद्याने झटके आलेल्या स्त्रियांचे मूत्र तापवून पाहिले. परीक्षानळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली की स्वच्छ मूत्र वरच्या भागात अंड्याच्या बलकाभोवतालच्या पांढऱ्यासारखे गढूळ होते आणि आम्लाचे दोन थेंब टाकूनही ते विरत नाही, तेव्हा त्यात प्रथिन, म्हणजे या व्याधीची खूण, आहे असे समजावे. ही साधी परीक्षा पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ प्रसूतिगृहांत चालली. दाब मोजणारा दंडपट्टा रिव्हा-रोची या इटालियन वैद्याने १८९६ मध्ये आणला, तर दंडावरच्या धमनीचे ठोके नळीने ऐकण्याची रीत कोरोत्कॉफ या रशियनाने १९०५ मध्ये सांगितली. म्हणजे जुन्या गिरणीत पहिल्या पाळीला आलेल्या बाईचा दाब मोजण्याचे साधनच जगात कोठे प्रचारात नव्हते.

लोह आणि दाब यांचे नातेही दिसते तितके सरळ नाही. गर्भारपणात रक्तातील द्रवभाग जवळजवळ निम्म्याने वाढतो, तांबड्या पेशी त्या प्रमाणात वाढत नाहीत, म्हणून रक्त काहीसे पातळ होणे हेच प्रकृतीचे लक्षण. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली गेले तर मात्र तो पांडुरोग. तीव्र पांडुरोगाच्या स्त्रियांत दाबाचा विकार अधिक आढळल्याची निरीक्षणे आहेत. परंतु ज्या स्त्रीचे रक्त पातळ व्हायला हवे तितके होतच नाही, तिचा आकडा कागदावर तेजस्वी दिसतो, घरची मंडळी निर्धास्त होतात, आणि कित्येकदा तीच दाबाच्या वाटेवर असते. अशा स्त्रियांच्या रक्तात लोहाचा साठाही वाढलेला आढळतो. तो विकाराचे कारण की परिणाम, हा वाद मिटलेला नाही. लोह चांगले म्हणून अधिक लोह अधिक चांगले, हा हिशेब येथे चालत नाही.

झटक्यांवरचा उपाय ठरला तो जुलाबाचे मीठ म्हणून पूर्वी ओळखले जाणारे मॅग्नेशियम सल्फेट. अमेरिकेतील प्रिचर्ड यांनी १९५५ मध्ये त्याची जी मात्रा रूढ केली ती दिवसाकाठी सुमारे ४० ग्रॅमची होती. भारतात मात्र मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांनी पुरस्कारिलेल्या गुंगीच्या औषधांच्या मिश्रणाचा अंमल बरीच वर्षे राहिला. त्यांचा निबंध १९६१ चा. प्रिचर्ड यांची मात्रा धिप्पाड अमेरिकन देहाच्या मापाची आहे, कृश आणि बहुधा पांडुरोगी अशा आपल्याकडच्या स्त्रीला ती जड जाईल, ही भीती अनाठायी नव्हती, कारण हे औषध अधिक झाल्यास श्वासच थांबतो.

या भीतीला उत्तर मिळाले ते सोलापुरात. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या येथील डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. सुमन सरदेसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झटक्यांच्या रुग्णांना पुष्कळच कमी मात्रा देऊन पाहिली आणि २००३ मध्ये आपले निष्कर्ष भारतीय प्रसूतिशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्याच्या आदल्याच वर्षी ३३ देशांतील १०,१४१ स्त्रियांवरील चाचणीने हे औषध झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटविते असे सिद्ध केले होते. औषध श्रेष्ठ हे जगाने सांगितले, आपल्या स्त्रीला ते किती पुरते हे सोलापूरने विचारले. सोलापूरची चादर सर्वांना ठाऊक आहे, ही मात्रा फार थोड्यांना, आणि माझ्या मते मोल मात्रेचे अधिक आहे.

प्रत्येक पुढची मात्रा टोचण्यापूर्वी परिचारिका तीन गोष्टी पाहते. गुडघ्याखाली हलका ठोका मारून पाय उडतो की नाही, मिनिटाला श्वास किती, आणि पिशवीत मूत्र किती साचले. त्यासाठी तिला एक लहान हातोडी आणि मनगटावरचे घड्याळ पुरते.