ठेका आणि थिजलेली पावले : ढोलाच्या तालाने मेंदूविज्ञानात प्रवेश कसा केला?

१ ऑगस्ट १९९१. स्थळ वॉशिंग्टन, अमेरिकी सिनेटची वृद्धत्वविषयक विशेष समिती. साक्ष देण्यास आलेल्यांत एक होते न्यूयॉर्कचे मज्जाविकारतज्ज्ञ ऑलिव्हर सॅक्स आणि दुसरा चक्क एका रॉक बँडचा ड्रमवादक, ‘ग्रेटफुल डेड’चा मिकी हार्ट. विषय होता संगीत आणि वार्धक्य. चर्मवाद्याचा ठेका हा आरोग्याचा प्रश्न म्हणून थेट लोकप्रतिनिधींसमोर कसा पोहोचला, याचा हा धागा.

ही कथा समजून घेण्यासाठी आधी १८१७ सालच्या लंडनमध्ये जावे लागते. जेम्स पार्किन्सन या वैद्याने ‘कंपवाता’वर एक छोटेखानी निबंध प्रसिद्ध केला. त्यात अवघे सहा रुग्ण होते आणि त्यांतील काही तर त्याने रस्त्यावर चालतानाच पाहिले होते. आजाराचे नाव हाताच्या थरथरीवरून पडले असले, तरी पार्किन्सनची नजर चालीवरही तितकीच खिळली होती. शरीर पुढे झुकलेले, पावले आखूड आणि उतावीळ, जणू माणूस स्वतःच्याच तोलामागे धावतो आहे. चालण्याचा ताल बिघडतो, हे निरीक्षण तेव्हाच नोंदले गेले. त्यावर तालाचाच उपाय असू शकेल, हे कळायला मात्र दीडशेहून अधिक वर्षे जावी लागली.

मध्ये एक भयंकर साथ आली. १९१७ साली व्हिएन्नात कॉन्स्टान्टिन फॉन इकोनोमो यांनी एका विचित्र मेंदूज्वराचे वर्णन केले. रुग्ण दिवसेंदिवस झोपेत बुडून जात. पुढील दहा वर्षांत ही निद्रारोगाची साथ जगभर पसरली आणि आली तशीच ओसरली. तिचे कारण आजही निश्चित झालेले नाही. जे वाचले, त्यांतील अनेकांना काही वर्षांनी पार्किन्सनसारखी लक्षणे जडली. काही जण तर पुतळ्यासारखे थिजले. डोळे उघडे, बुद्धी शाबूत, पण हात उचलण्याची आज्ञा हातापर्यंत पोहोचत नाही. अशा अवस्थेत त्यांची उभी हयात रुग्णालयांत सरली.

१९६६ साली तरुण सॅक्स न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स भागातल्या बेथ अब्राहम रुग्णालयात रुजू झाले, तेव्हा या साथीतून वाचलेले रुग्ण तिथे कित्येक दशके पडून होते. १९६९ मध्ये त्यांनी या रुग्णांना एल-डोपा हे नवे औषध दिले आणि पुतळे हलू-बोलू लागले. पुढे बहुतेकांच्या बाबतीत हा चमत्कार विस्कटला. ती हकीकत सॅक्स यांच्या ‘अवेकनिंग्ज’ (१९७३) या पुस्तकात आणि त्यावरील १९९० च्या चित्रपटात आली आहे, म्हणून इथे विस्तार नको. (जाता जाता : हेच एल-डोपा आपल्या सह्याद्रीत अंगाला खाज आणणाऱ्या खाजकुयलीच्या बियांत असते. भारतीय संशोधक दामोदरन आणि रामस्वामी यांनी ते १९३७ सालीच वेगळे करून दाखवले होते.)

या धाग्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट औषधाच्या आधीची आहे. जे रुग्ण एक पाऊल टाकू शकत नव्हते, ते गाणे सुरू होताच चालत, काही तर नाचत. सूर थांबला की पुन्हा दगड! तोपर्यंत संगीत म्हणजे रुग्णांची करमणूक, असाच समज बहुतेक रुग्णालयांत होता. इथे ते कुबडीचे काम करत होते.

पण सॅक्स यांनी आणखी एक बारकावा टिपला आणि तोच सहसा सांगितला जात नाही. पुस्तकात फ्रान्सिस डी. या बदललेल्या नावाने येणाऱ्या एका रुग्ण स्त्रीला कोणतेही संगीत चालत नसे. सुरेल, वाहते, तरीही स्पष्ट ताल असलेले संगीत तिला मोकळे करी. कर्कश, ठोकाठोकीचा आघात मात्र तिला कळसूत्री बाहुलीसारखे झटके देई. ठोका तिला चालवत नव्हता, फरफटत नेत होता. ढोल वाजला की मेंदू बरा होतो, असे सरसकट बोलणाऱ्यांनी ही नोंद आवर्जून वाचावी. ताल आधार देतो, तसाच तो कब्जाही घेतो.

लंडनमध्ये जे. पर्डन मार्टिन हे मज्जाविकारतज्ज्ञ अशाच रुग्णांचा अभ्यास करत होते. त्यांच्या १९६७ च्या ग्रंथात एक साधा प्रयोग आहे. जमिनीवर आडव्या रेघा आखल्या की अडखळणारा रुग्ण एकेक रेघ ओलांडत चालू लागतो. म्हणजे पायांत शक्ती होती. हरवली होती ती ‘आता उचल’ असे आतून सांगणारी खूण, आणि ती बाहेरून पुरवता येत होती. डोळ्यांना जी रेघ, तीच कानांना ठोका.

आता पुन्हा मिकी हार्टकडे. हा माणूस उस्ताद अल्लारखाँ यांच्या तबल्याने भारावलेला होता. त्यांचे पुत्र, मुंबईत १९५१ साली जन्मलेले झाकिर हुसेन, हे त्याचे आयुष्यभराचे सहवादक. दोघांच्या ‘दिगा ऱ्हिदम बँड’ची ध्वनिमुद्रिका १९७६ मध्ये आली. सिनेटमधील साक्षीच्याच वर्षी आलेल्या ‘प्लॅनेट ड्रम’ला पुढे विश्वसंगीत विभागातील पहिले ग्रॅमी मिळाले. हार्टच्या साक्षीमागे एक घरगुती अनुभव होता. स्मृतिभ्रंशाने त्याच्या आजीची वाचा गेली होती. त्याने तिच्यासमोर ड्रम वाजवला आणि दीर्घ काळानंतर तिने त्याचे नाव उच्चारले.

हा प्रसंग हृदयस्पर्शी आहे, पण तो पुरावा नव्हे. एक नाव परत आले, म्हणून स्मृती परत आली असे होत नाही. अल्झायमर तालाने बरा होतो, असे आजही कुणाला सिद्ध करता आलेले नाही. तरीही सुनावणी वाया गेली नाही. १९९२ साली ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या अमेरिकी कायद्यात दुरुस्ती होऊन तीत संगीतोपचाराला स्थान मिळाले. १९९५ मध्ये सॅक्स आणि संगीतोपचारतज्ज्ञ कॉन्सेटा टोमाइनो यांनी संगीत व मज्जाकार्य यांच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्थाही उभी केली.

खरा पुरावा १९९६ मध्ये आला. कोलोरॅडोत मायकेल थाउट आणि सहकाऱ्यांनी पार्किन्सनच्या रुग्णांना तीन आठवडे घरीच चालण्याचा सराव दिला. कानांत ध्वनिफितीवरचे संगीत आणि त्यात मिसळलेला मेट्रोनोमचा ठोका, लय हळूहळू वाढवत नेलेली. या गटाचा चालण्याचा वेग २५ टक्क्यांनी वाढला, पाऊल १२ टक्क्यांनी लांबले. ठोक्याविना स्वतःच्या गतीने सराव करणाऱ्यांचा वेग ७ टक्केच वाढला आणि काहीच सराव न करणाऱ्यांचा तर ७ टक्क्यांनी घटला. अभ्यास लहान होता, तिन्ही गट मिळून चाळिशीच्या आत. पण आठवणीतल्या प्रसंगांना इथे प्रथमच तुलनेची जोड मिळाली.

असे का घडते? २००७ मध्ये जेसिका ग्रान आणि मॅथ्यू ब्रेट यांनी मेंदूची चित्रे घेऊन दाखवले, की स्पष्ट ठेका नुसता ऐकताना, बोटही न हलवता, मेंदूतील हालचालीची केंद्रे जागी होतात. त्यांत मेंदूच्या तळाशी असलेले बेसल गँग्लिया हे केंद्रसमूहही होते. पार्किन्सनमध्ये डोपामिन आटल्याने नेमके हेच केंद्र दुबळे होते. त्यानंतरच्या अभ्यासात आढळले, की या रुग्णांना ठेक्यावर आधारलेल्या लयींतील फरक ओळखणेही निरोगी माणसांपेक्षा जड जाते. आतले घड्याळ मंदावते, म्हणून बाहेरचा ठोका उसना घ्यावा लागतो. तो मेंदूतील इतर, शाबूत वाटांनी पायांपर्यंत पोहोचत असावा, असे आजचे प्रमुख अनुमान आहे.

या उसन्या ठोक्याला मर्यादा आहेत. सराव थांबला की कमावलेला वेग ओसरू लागतो. रोग आत आपल्या गतीने चालूच राहतो आणि औषधे सोडता येत नाहीत. २००१ मध्ये ब्रुकलिनच्या ‘मार्क मॉरिस डान्स ग्रुप’ने पार्किन्सनच्या रुग्णांसाठी नृत्यवर्ग सुरू केले, तेव्हा त्यांनी ‘उपचार’ हा शब्द बाजूला ठेवून ‘नृत्य’ हाच शब्द पुढे केला. आज असे वर्ग अनेक देशांत चालतात, पुण्यातही. तिथे येणारी माणसे खुर्चीत बसून ताल धरतात, मग खुर्चीच्या आधाराने उभी राहतात आणि संगीत सुरू असेपर्यंत खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातात.