घाटांतील पटकी आणि परिचारिकेची विद्या

लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणारी आगगाडी बोगद्यांत शिरूं लागली म्हणजे उतारूंचें लक्ष दऱ्यांतील धुक्याकडे आणि धबधब्यांकडे लागतें. तें साहजिकच आहे. परंतु हा मार्ग ज्यांच्या हातांनीं तयार झाला, त्यांपैकीं हजारों माणसें त्याच उतरणीवर कायमचीं राहिलीं.

बोरघाटाचें काम १८५६ च्या आरंभीं सुरू झालें व १८६३ च्या एप्रिलमध्यें तडीस गेलें. सुमारें सोळा मैलांत २५ बोगदे खोदून लोहमार्ग १,८३१ फूट वर चढविण्यांत आला. १८६१ सालीं कामावर ४२ हजारांवर मजूर होते. उघड्या डोंगरावर एवढी वस्ती, तीहि तात्पुरत्या झोपड्यांची. उन्हाळ्यांत पाण्याचा तुटवडा. आणि मग ताप व पटकी. १८५९ सालीं ठेका घेतलेले सॉलोमन ट्रेडवेल हेहि हिंदुस्थानांत उतरल्यावर थोड्याच दिवसांत आजारानें वारले, आणि त्यांच्या पत्नी ॲलिस यांनीं ठेका पुरा केला. ट्रेडवेलसाहेबांचें नांव इतिहासांत राहिलें. मजुरांच्या बाबतींत मात्र नांवें तर नाहींतच, आंकडासुद्धां अंदाजाचा आहे: अभ्यासक तो सुमारें २५ हजार धरतात.

पटकीचा रोगी दगावतो तो मुख्यतः अंगांतील पाणी व क्षार झपाट्यानें निघून गेल्यामुळें. उकळून गार केलेल्या पाण्यांत योग्य प्रमाणांत साखर व मीठ घालून तें घोट घोट पाजीत राहिलें, तर बहुतेक रोगी वांचतात. १९७१ सालीं बंगालच्या सरहद्दीवरील निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं हें मोठ्या प्रमाणावर सिद्ध करून दाखविलें. तेथें पाजण्याचें काम पुष्कळदां रोग्यांच्या आप्तांनींच केलें. साखर, मीठ आणि पाणी! घाटांतल्या मजुराला या वस्तु अगदींच दुर्मिळ होत्या असें नव्हे. दुर्मिळ होतें तें ज्ञान, आणि तें घेऊन झोपडीच्या दाराशीं येणारें माणूस.

ज्या वर्षीं घाट खुला झाला, त्याच १८६३ सालीं हिंदुस्थानांतील लष्कराच्या आरोग्यासंबंधीं नेमलेल्या रॉयल कमिशनचा अहवाल लंडनमध्यें प्रसिद्ध झाला. त्यामागें फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे अपार श्रम होते. या देशांत त्यांनीं कधींच पाऊल टाकलें नाहीं. तरीहि ठाण्याठाण्यांहून माहिती मागवून त्यांनीं दाखवून दिलें, कीं गोरे शिपाई दर हजारीं ६९ या प्रमाणांत मरतात आणि त्यांना मारणारा शत्रु मुख्यतः घाणेरडें पाणी, तुंबलेलीं गटारें व कोंदट बराकी हा आहे. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत परिचारिकांची शाळा त्यांनीं १८६० मध्यें काढलीच होती. रोग्याच्या उशाशीं बसणें एवढीच परिचर्या नव्हे. त्याचें पाणी कोठून येतें हें पाहणें व मृत्यूंची मोजदाद ठेवणें हेंहि तिचेंच अंग होय, अशी त्यांची दृष्टि होती. पुढें पुण्याच्या सार्वजनिक सभेशींहि त्यांचा पत्रव्यवहार झाला. घाटांतल्या काळ्या मजुरांकरितां मात्र कोणतेंहि कमिशन बसलें नाहीं.

पुण्यास ही विद्या रुजली ती सावकाश. १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाई फुले यांनीं १० मार्च रोजीं देह ठेवला. त्यांच्यापाशीं कोणतीहि पदवी नव्हती. १९०९ सालीं पुण्यांत सेवासदन निघाल्यावर रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानें विधवा व गरजू स्त्रियांना ससून रुग्णालयांत हें शिक्षण मिळूं लागलें. परक्याच्या मलमूत्राला हात लावणें म्हणजे घराण्याला बट्टा, असें मानणाऱ्या समाजांत हें धाडस केवढें होतें, याची कल्पना आज सहज यावयाची नाहीं.

विद्यापीठाची पदवी आली ती १९४६ सालीं, दिल्ली व वेल्लोर येथें. मुंबईंत ठाकरसी महिला विद्यापीठाचें लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय १९६४ मध्यें निघालें. चार वर्षांच्या या अभ्यासक्रमांत शरीररचना, सूक्ष्मजंतुशास्त्र, आहारशास्त्र, औषधिविज्ञान, शस्त्रक्रियेच्या रोग्यांची परिचर्या, प्रसूति, बालरोग, मनोविकार असे नाना विषय येतात. नाडी मोजणें व शीर शोधून सुई टोंचणें हें पाहणाऱ्याला दिसतें. संख्याशास्त्र व समाजशास्त्र कशाला, असें मात्र पुष्कळ पालकांना वाटतें. त्याचें उत्तर घाटाच्या उतरणीवर आहे. सामुदायिक आरोग्य परिचर्या या विषयासाठीं विद्यार्थ्यांना रुग्णालय सोडून खेड्यांत जावें लागतें: घरोघर फिरून माणसें मोजणें, गरोदर स्त्रियांची नोंद घेणें, साखर-मिठाचें पाणी आईच्या हातून करवून घेणें.

मावळांत आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो, आणि आंदर मावळांतल्या किंवा पवन मावळांतल्या विहिरीला पहिल्या पुराचें गढूळ पाणी मिळतें. तेव्हां आरोग्यसेविका विहिरींत विरंजक चूर्ण टाकवून घेते, कांहीं वेळानें कांचेच्या नळींत थोडें पाणी घेते, त्यांत औषधाचा थेंब सोडते आणि नळी उजेडाकडे धरते. पाणी पिवळें झालें, तर गांवानें तें प्यावें.