शिकवावे एकाने, न्यावे दुसऱ्याने : ब्रिटनचा १९६४ चा प्रयोग

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही आपली म्हण. १९५० च्या दशकात ब्रिटिश कारखानदारी याच नागोबाने त्रस्त होती.

एका कारखान्याने शाळा सोडलेला मुलगा उमेदवारीवर घ्यावा, पाच वर्षे त्याला लेथ आणि फिटिंग शिकवावे, त्याच्या हातून बिघडलेला माल सोसावा; आणि हात बसताच शेजारच्या कारखान्याने थोडे अधिक वेतन देऊन त्याला उचलावे. शेजाऱ्याला ते परवडे, कारण शिकवण्याचा खर्च त्याने केलेलाच नसे. अशा व्यवहारात शिकवणारा मूर्ख ठरतो.

१५६३ च्या कायद्याने सात वर्षांची उमेदवारी सक्तीची केली होती. ते बंधन १८१४ मध्ये गेले आणि राज्यसंस्था या प्रश्नापासून दीर्घकाळ दूर राहिली. १९५८ मध्ये रॉबर्ट कार यांच्या समितीनेही प्रशिक्षण ही उद्योगांचीच जबाबदारी मानली.

मार्च १९६४ च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्याने मात्र दिशा बदलली. (हा कायदा मजूर पक्षाने नव्हे, हुजूर पक्षाच्या सरकारने केला!) प्रत्येक उद्योगासाठी मालक, कामगार संघटना आणि शिक्षणतज्ज्ञ यांचे मंडळ नेमण्यात आले. मंडळाने सर्व कंपन्यांकडून वर्गणी घ्यायची आणि शिकवणाऱ्यांना अनुदान द्यायचे. अभियांत्रिकी मंडळाची वर्गणी एकूण वेतनखर्चाच्या २.५ टक्के होती. शिकवा अथवा न शिकवा, पैसे भरावेच लागत.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो छोट्या कारखान्यांच्या गटांचा. वीस-तीस माणसांच्या वर्कशॉपला स्वतंत्र प्रशिक्षक कुठून परवडणार? अशा अनेकांनी एकत्र येऊन एक प्रशिक्षण अधिकारी नेमायचा, मुलांना सामाईक कार्यशाळेत पाठवायचे. मंडळे त्यासाठी अनुदान देत. भारताच्या १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यातही अनेक मालकांनी एकत्र येऊन उमेदवारांना आपापल्या आस्थापनांत फिरवून शिकवण्याची मुभा आहे. आपल्याकडे तिची चर्चा क्वचितच होते.

तरीही छोटे मालक कुरकुरत राहिले : कागदपत्रे फार, आणि अनुदान पदरात पाडून घेण्याची यंत्रणा मोठ्यांकडेच. ही तक्रार निराधार नव्हती. १९७३ च्या कायद्याने वर्गणीवर साधारण १ टक्क्याची मर्यादा घातली आणि स्वतः पुरेसे प्रशिक्षण देणाऱ्यांना सूट दिली. थॅचर सरकारने १९८१-८२ मध्ये बहुतेक मंडळे मोडीत काढली. बांधकाम क्षेत्राचे मंडळ टिकले. तिथे गवंडी आज या कंत्राटदाराकडे, उद्या त्या. त्याला शिकवणे हे कुणा एकाचे काम नाही, हे तिथल्या मालकांना सांगावे लागत नव्हते.

२०१७ मध्ये वर्गणी परतली : वार्षिक वेतनखर्च ३० लाख पौंडांहून अधिक असलेल्या कंपन्यांवर ०.५ टक्के. फरक एवढाच की, इंग्लंडमध्ये भरलेली रक्कम आधी त्या कंपनीच्याच खात्यात जमा होई, तिच्याच उमेदवारांवर खर्च करण्यासाठी.