क्रिस्तपुराण व मुलांची दोत्रिना : तारकजन्माच्या कथेचें शिक्षण

मराठी ओवींत ख्रिस्तचरित्र सांगणाऱ्या क्रिस्तपुराणाची चर्चा आजवर बहुधा भाषेच्या व लिपीच्या अंगानें झाली आहे. तो ग्रंथ कोणाच्या कानीं पडावा म्हणून रचला गेला, आणि त्याच कर्त्यानें लहान मुलांकरितां निराळा ग्रंथ कां केला, या प्रश्नाकडे मात्र जावें तितकें लक्ष गेलेलें नाहीं. तारकाच्या जन्माची कथा गोमंतकांत मुलांस कशी पोहोंचली, एवढ्यापुरताच विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

ग्रंथकर्ता फादर टॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट. तो २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं गोव्यास उतरला व पुढील सुमारें चाळीस वर्षें त्यानें बव्हंशीं साष्टी प्रांतांत घालविलीं. १६१९ सालीं त्याचा अंत झाला. क्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन लिपींत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां निघालें. या तिन्ही आवृत्तींची एकही छापील प्रत उपलब्ध नाहीं. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांच्या आधारें. मुलांकरितां केलेली दोत्रिना कर्त्याच्या मरणानंतर, १६२२ सालीं, रायतूरासच छापली गेली. तिची मूळ प्रत लिस्बन येथें राहिली असून मारियानु सालढाणा यांनीं १९४५ सालीं तिची छायाप्रत प्रसिद्ध केली.

हे दोन ग्रंथ शेजारीं ठेविले असतां त्यांतील भेद स्पष्ट होतो. दोत्रिनेचा आधार मार्कुश जोर्ज याचें १५६६ सालचें पोर्तुगीज पुस्तक असून तें मुळांतच मुलांस शिकविण्याकरितां संवादरूपानें रचिलेलें होतें. स्टीफन्सनें तें कोंकणी गद्यांत आणिलें. गुरूनें विचारावें, शिष्यानें उत्तर द्यावें, व उत्तरें मुखोद्गत व्हावीं, अशी त्याची पद्धत आहे. यांत तारकाचा जन्म श्रद्धासूत्रांतील एक कलम म्हणून येतो. कथा म्हणून येत नाहीं. मुलास काय मानावें हें कळतें. तो जन्म कां व्हावा लागला आणि त्याची वाट कोण पाहात होते, हें त्यास पाठांतरानें उमगणें कठीण.

हें काम पुराणाकडे आहे. त्याचे दोन भाग असून पहिल्यांत ३६ व दुसऱ्यांत ५९ ‘अवस्वरू’ आहेत. एकंदर ओव्या सुमारें अकरा हजार. पहिल्या पुराणांत सृष्टीची उत्पत्ति, आदिमानवाचें पतन, तारक येईल हें ईश्वराचें वचन, पुढें आब्राहाम, मोशे, दावीद व भविष्यवादी यांचीं आख्यानें येतात. प्रत्यक्ष जन्मकथा दुसऱ्या पुराणांत आहे. म्हणजे एका संबंध पुराणभर श्रोत्यास वाट पाहावयास लाविलें आहे. भागवतांत कृष्णजन्म ऐकण्यापूर्वीं नऊ स्कंध मागें पडलेले असतात. त्या श्रवणाची संवय ज्या समाजास होती, त्यास ही रचना परकी वाटली नसावी.

काव्याच्या आरंभींची चौकटही या दृष्टीनें महत्त्वाची आहे. पूर्वींचीं पुराणें आम्हांस वर्ज्य झालीं, तर त्यांच्या ठिकाणीं दुसरें कांहीं कां देत नाहीं, असें एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीगुरूस विचारतो, व त्या पृच्छेंतून ग्रंथ उभा राहतो. प्रश्न प्रौढाचा आहे. परंतु या पुराणाचें वाचन रविवारीं व सणाच्या दिवशीं देवळांतून होत असे. तेथें वडिलांसमवेत मुलेंही बसत असलीं पाहिजेत. तेव्हां दोत्रिनेनें जें पाठ झालें, त्यास कथेचा आधार पुराणश्रवणानें मिळाला, असें अनुमान आम्हीं करतों.

आतां संग्राहकांच्या विशेष जिव्हाळ्याचा मुद्दा. १९०७ सालीं जे. एल. सालढाणा यांनीं मंगळुरास हस्तलिखितांवरून रोमन आवृत्ति काढली. तींत धर्मविषयक पुष्कळ शब्द पोर्तुगीज आहेत. पुढें जस्टिन अॅबट यांनीं लंडन येथील मार्सडेन-संग्रहांतील नागरी पोथी उजेडांत आणिली. तींत त्याच जागीं संस्कृत शब्द योजिलेले दिसतात. हीच मूळ संहिता, असें अॅबट यांचें मत. ती मागाहून केलेली शुद्धि आहे, असा प्रतिपक्ष. १६०८ सालच्या पत्रांत स्टीफन्सनें देशी लिपींत छपाई करण्याची अनुज्ञा मागितली होती, हें अॅबट यांच्या बाजूस अनुकूल. तथापि तेवढ्यानें पोथीचें वय सिद्ध होत नाहीं. साष्टीच्या मुलानें देवळांत ऐकलेला शब्द परका होता कीं घरचा, हें या निर्णयावरच अवलंबून आहे.

२७ जून १६८४ च्या हुकुमानें गोव्यांतील लोकांनीं तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असें ठरलें. पण गोव्याहून कानडा प्रांतांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं पुराणाच्या नकला जपिल्या व वाचिल्या. राजाज्ञेपेक्षां घरगुती वाचन चिवट ठरलें.

मराठी मुलुखाच्या दुसऱ्या टोंकासही या प्रकाराचें एक स्मरण आहे. १८९३ सालीं नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपीय प्रवाशानें त्यांस नवा करार दिला. तो लोहमार्ग गोंदियावरून जातो. १९९९ सालीं भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचें तें मुख्य ठिकाण. टिळकांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला, व उत्तरायुष्यांत ‘ख्रिस्तायन’ आरंभिलें. तें अपुरें राहिलेलें काव्य लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. स्टीफन्सच्या ग्रंथाशीं त्याचा प्रत्यक्ष संबंध आम्हीं जोडीत नाहीं. परंतु ही कथा मराठी मनास सांगावयाची तर प्रश्नोत्तरी पुरत नाहीं, आख्यान लागतें, हा अनुभव दोघांचा समान आहे.

ज्यांच्या संग्रहीं क्रिस्तपुराणाचीं सुटीं पानें असतील, त्यांनीं जन्मप्रकरणाचीं पानें प्रथम तपासावीं. समासांतील वाचनाच्या खुणा, सणांचे उल्लेख व पोर्तुगीज शब्दांवर केलेले फेरफार यांचीं टांचणें व्हावीं. मूळ संहितेचा वाद मिटण्यास अशीं टांचणेंच उपयोगी पडतील.