गाण्याचे मार्क, अभिनयाचे मार्क... आणि मधलं?

परवा सदरमधल्या माझ्या शेजारची नववीतली मुलगी वही घेऊन आली. तिची म्युझिकल थिएटरची ग्रेड परीक्षा तीन आठवड्यांवर आलीय. परीक्षकासमोर एकटीनं इंग्रजी संगीतिकांमधली गाणी म्हणायची, तीही पात्र होऊन, अभिनय आणि हालचालींसकट. तिचा प्रश्न सरळ होता, “ताई, मार्क कशाचे भेटतात? मी सुरात गाते, तरी मॅडम म्हणतात, तू फक्त गातेस!”

माझी एम.एस्सी. भौतिकशास्त्रातली आणि पीएच.डी. मोजमापाच्या इतिहासावर. प्रयोगशाळेत पहिला धडा हाच असतो, की उपकरण काय मोजतं आणि काय मोजत नाही हे आधी माहीत हवं. परीक्षा हेही एक उपकरणच आहे. मग विचार केला, आपल्याकडे गाण्याला मार्क कधीपासून मिळायला लागले?

त्याआधी थोडं नाटकाबद्दल. विष्णुदास भाव्यांच्या नाटकांत (1843पासून) गाण्याचा भार मुख्यतः सूत्रधारावर असायचा. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 1880च्या ‘शाकुंतल’मध्ये पात्रं स्वतःची पदं स्वतः गायला लागली. म्हणजे गाणं आणि अभिनय एकाच गळ्यात आले. परीक्षक कोण? समोरचा प्रेक्षक. ‘वन्स मोअर’ हाच निकाल!

दुसरीकडे 1901मध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. ठरलेला अभ्यासक्रम, स्वरलिपी, वर्ग, परीक्षा. गुरूच्या घरी वर्षानुवर्षं राहणं ज्यांना शक्य नव्हतं, त्यांच्यासाठी ही मोठी गोष्ट होती. 1931मध्ये पलुस्कर गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार ही शिडी आज घरोघरी माहीत आहे.

आता गंमत बघा. या दोन्ही जगांत वावरलेला एक माणूस होता, मिरजेचे विनायकराव पटवर्धन. पलुस्करांचे शिष्य. 1922पासून गंधर्व नाटक मंडळीत होते, बालगंधर्वांसमोर नायकाच्या भूमिका करत. 1932मध्ये त्यांनी रंगभूमी सोडली, पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि पुढे ‘राग-विज्ञान’ची पुस्तकं लिहिली. दहा वर्षं प्रेक्षकांचा निकाल रोज झेललेला नट आता मुलांना परीक्षेसाठी तयार करत होता. पण वहीत उतरले ते राग, ताल, बंदिशी, ताना. प्रसंग वहीत मावत नाही.

आणि वाटण्या झाल्या. गाण्याची परीक्षा एकीकडे, नाटकाच्या स्पर्धा दुसरीकडे. संगीत नाटकांची राज्य स्पर्धा आहे, पण ती अख्ख्या नाटकाची. एकट्या मुलीनं एक पद पात्र होऊन गायचं आणि पायरी-पायरीनं वर चढायचं, अशी शिडी आपल्याकडे रुजली नाही.

मी स्वतः मध्यमा केलीय, मार्कही चांगले होते. त्या जोरावर कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ‘सौभद्र’मधलं पद म्हटलं. टाळ्या पडल्या. पण सुभद्रा हे कुणाला सांगतेय, का सांगतेय, हे मला माहीतच नव्हतं. राग मात्र पाठ होता! यात परीक्षेचा दोष नाही. तिनं जे मोजायचं ते नीट मोजलं. तेवढंच सगळं आहे असं मी समजले.

सदरहून जवळच, सिव्हिल लाइन्समध्ये वसंतराव देशपांडे सभागृह आहे. वसंतरावांची तालीम नागपुरातच शंकरराव सप्रे गुरुजींकडे सुरू झाली. 1967मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब म्हणजे तेच, नाटक लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकरही नागपूरचे. त्यात दोन गायकांचं भांडणच गाण्यातून चालतं. तिथे तान कुठे संपते आणि अभिनय कुठे सुरू होतो, सांगा बरं! दोन वेगळे रकाने करून मार्क देताच येणार नाहीत.

म्हणून त्या मुलीला मी एवढंच सांगितलं: प्रत्येक गाण्याआधी वहीत तीन ओळी लिही. मी कोण, समोर कोण, मला त्याच्याकडून काय हवंय. मग गा.

काल भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. एक सूर चक्क घसरला. पण ती थांबली नाही, आणि पहिल्यांदाच मला वाटलं, ती कुणाशी तरी बोलतेय.

तुमच्या घरी कुणी अशी परीक्षा देत असेल, तर मार्कांचे रकाने आधी वाचा. मग जे रकान्यात नाही, त्याचीही तयारी करून घ्या.