टिळकांच्या घरची चूल



यंदाच्या स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहा असे मंडळाच्या चालकांनी मला सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इतिहास म्हटला की किल्ले आणि लढाया, नाहीतर आपल्या तालुक्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत. त्यांच्यावर लिहिणारी विद्वान माणसे पनवेलीत पुष्कळ आहेत. पण चालक म्हणाल्या, ‘‘दुपारच्या वाचनात तुम्हीच स्मृतिचित्रे वाचून दाखवलीत ना, मग त्यावरच लिहा. तोही इतिहासच.’’ तेव्हा धीर करून लिहावयास बसले आहे. चुकले तर सांभाळून घ्यावे.

ते पुस्तक मी हाती घेतले त्याचे कारण आधी सांगते. आमच्या शेजारच्या बिऱ्हाडात एक ख्रिस्ती जोडपे राहते. ते पाळक आहेत, म्हणजे त्यांच्या मंडळीचे धर्मगुरू. त्यांच्या दाराची घंटा कोणत्या वेळी वाजेल याचा नेम नाही. कोणाचे घरी भांडण झाले, कोणाचे माणूस दवाखान्यात आहे, कोणाच्या मुलीचे लग्न मोडले, की माणसे इथे येतात. पाळकसाहेब त्यांच्यापाशी बसून प्रार्थना करतात, चार शब्द धीराचे सांगतात. आणि आत त्यांच्या बाई पुन्हा चहाचे आधण ठेवतात. एकदा रात्री साडेदहाला त्या माझ्याकडे वाटीभर साखर मागायला आल्या. मी सहज म्हटले, ‘‘तुम्हाला कंटाळा नाही का येत हो?’’ तर हसून म्हणाल्या, ‘‘वहिनी, आमच्याकडे पगार एकाचा येतो, पण नोकरी दोघांची असते.’’ हे बोलणे माझ्या मनातून जाईना. पुढे महिनाभराने मंडळाच्या कपाटात लक्ष्मीबाई टिळकांचे पुस्तक दिसले आणि मी ते घरी नेले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव आपल्यापैकी बहुतेकींनी शाळेत ऐकले असेल. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांची ओळख. जन्म १८६१ सालचा, गाव दापोली तालुक्यातले करजगाव, म्हणजे आपल्याच कोकणातले. लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या, जन्म १८६८. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. लग्न झाले तेव्हा त्यांना पुरती बारा वर्षेही झाली नव्हती. शाळा म्हणाल तर नाहीच. अक्षर ओळख नवऱ्याने करून दिली.

त्यांच्या माहेरची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढचे नीट कळणार नाही. बाईंच्या आईच्या वडिलांना सत्तावन्नच्या बंडाच्या संशयावरून फाशी झाली. त्या धक्क्यानंतर बाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे वेड शिरले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची. धान्य तर सोडाच, मीठ आणि साखरसुद्धा धुवायची. मीठ धुतले तर हाती काय राहणार? पण त्या घरात बायकांनी ते केले, वर्षानुवर्षे केले. अशा घरातली मुलगी पुढे कोठे जाऊन पोहोचली ते पाहावे.

टिळक बुद्धीचे मोठे पण घरी टिकणारे नव्हते. मनात आले की न सांगता निघून जात, महिने महिने पत्ता नसे. धर्माचा शोध त्यांच्या डोक्यात सतत चालू होता. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली, त्याने बायबलातला नवा करार वाचायला दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. बाई त्या वेळी माहेरच्या माणसांत होत्या. त्यांच्याकडे आली ती झाल्या गोष्टीची बातमी.

धर्म बदलला हे बरे की वाईट, यावर मी लिहिणार नाही. ज्याचा त्याचा विचार आहे. पण पदरी लहानगा दत्तू असलेल्या बायकोला असे वाऱ्यावर सोडणे मला पटले नाही, आणि वाचनाच्या वेळी मंडळातही कोणाला पटले नाही. सासर गेले, कपाळाचे कुंकू आहे पण नवरा असून नसल्यासारखा, आणि चार लोक तोंडावर हळहळून मागे कुजबुजणार. नातेवाइकांनी त्यांना पंढरपुरास नेऊन ठेवले. चार-साडेचार वर्षे अशी गेली. या काळातच बाई स्वतः कविता जुळवू लागल्या. दुःख कोणाजवळ सांगणार, म्हणून पदे रचली असतील असे मला वाटते.

शेवटी त्या टिळकांकडे नगरास आल्या. (आता त्या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे.) आल्या त्या ख्रिस्ती व्हायला नव्हे. नवऱ्याजवळ राहायचे पण आपला धर्म सोडायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. चूल वेगळी, पाणी वेगळे. इथे टिळकांचे मात्र कौतुक केले पाहिजे. आधी जी चूक केली ती त्यांनी पुन्हा केली नाही. बायकोवर सक्ती केली नाही, तिचे सोवळे सांभाळू दिले. विचार करा, नवरा मिशनचा उपदेशक, त्याच्याकडे सर्व जातींचे ख्रिस्ती लोक येणार, आणि त्याच घरात बायको पाण्याला कोणाचा हात लागू देत नाही. मिशनच्या लोकांत याची चर्चा झाल्याशिवाय राहिली असेल काय?

पुढे बाईंचे मन पालटले ते कोणाच्या व्याख्यानाने नव्हे. जवळ राहून पाहता पाहता त्यांच्या मनात आले की ही जात देवाने केलेली नाही, माणसांनी केलेली आहे. एकदा हे पटल्यावर त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे ठरवले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागून पाच वर्षांनी, आपल्या पायांनी चालत.

हा भाग वाचून झाला त्या दुपारी मंडळात जरा वेळ कोणी बोलले नाही. मी माझ्यापुरते सांगते. माझ्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचा कप माझ्या ओट्याच्या खालच्या फळीवर वेगळा ठेवलेला असे. सासूबाईंच्या वेळेपासून तो तिथेच. मी त्याचा कधी विचारच केला नव्हता. मीठ धुणाऱ्या गोखल्यांना वेडे म्हणून मी मोठ्याने वाचत होते, आणि घरी आल्यावर तो कप दिसला. सासूबाईंना न सांगता मी तो इतर कपांत मिसळला. त्यांना कळले, दोन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. हे लिहावे की न लिहावे असे झाले होते, पण बाईंनी आपले सारे घर उघडे करून सांगितले आणि मी एवढेही लपवावे हे बरे दिसले नाही.

आता टिळकांचा संसार कसा चाले ते सांगते, कारण मला खरे लिहायचे आहे ते त्याबद्दल. टिळक नगरास मिशनच्या होतकरू धर्मोपदेशकांना शिकवीत, उपदेश करीत, आणि लिहीत तर सतत असत. ख्रिस्ती मंडळीत तेव्हा विलायती चालींवरची भाषांतरित गीते म्हणत. टिळकांनी त्यांना अभंग आणि ओवी दिली, कीर्तन आणि भजन दिले. आमच्या शेजारच्या बाई सांगतात की त्यांच्या रविवारच्या उपासनेत टिळकांची गीते आजही म्हणतात. १८४२ साली निघालेल्या ज्ञानोदय पत्राच्या मराठी भागाचे काम टिळकांनी १९१२ पासून अखेरपर्यंत पाहिले. हे सारे चरित्रांतून लिहिलेले असते.

पण टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. वेतन आले की कोणा गरजवंताला दिले जाई. बाजाराला धाडावे तर सामान येईलच याची खात्री नाही, आणि बरोबर जेवायला दोन माणसे मात्र यायची. कोणी अनाथ मूल, कोणी घर सोडून आलेला तरुण, कोणी कवी, सारे टिळकांच्या घरी. त्यांना या म्हणायचे काम टिळकांचे. पीठ किती आहे, लाकडे किती आहेत, कोण कोठे निजेल हे पाहायचे काम बाईंचे. तरी त्या रडतराऊत नव्हत्या. भांडत, रुसत, अबोला धरीत, आणि मग त्याच भांडणाची गंमत करून सांगत. नवऱ्याचा विसराळूपणा आणि रागीटपणा त्यांनी इतक्या मोकळेपणाने लिहिला आहे की वाचताना आमच्यापैकी काहींना आपापल्या घरचीच आठवण होऊन हसू आवरेना. कोणाला ते सांगत नाही!

१८९९-१९०० साली मोठा दुष्काळ पडला. त्याला छप्पन्नचा दुष्काळ म्हणतात, कारण संवत १९५६ होते. तिकडे केडगावला पंडिता रमाबाईंनी शेकडो निराधार मुलीबायकांना आश्रय दिला, ते प्रसिद्ध आहे. तिथे आश्रमाची व्यवस्था तरी होती. टिळकांनी मुले आणली ती सरळ घरात. उपाशी मुलांना एकदम पोटभर घालून चालत नाही, अंगावर खरूज, उवा, हगवण. हे ज्या बाईने केले ती काही वर्षांपूर्वी सोवळ्यातल्या घरातून आलेली होती हे ध्यानात घ्यावे.

बालकवी ठोमरे यांचेही तसेच. १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात हा सतरा वर्षांचा मुलगा टिळकांच्या नजरेत भरला आणि पुढे नगरास त्यांच्या घरी येऊन राहिला. मुलगा हळवा आणि लहरी. लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या मुलासारखे वागवले. बालकवींना टिळकांकडून कवितेचे वळण मिळाले असे पुस्तकांत म्हणतात ते खरेच असेल, पण त्यांची जेवणाची वेळ कोण सांभाळत होते तेही लिहिले पाहिजे. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून ते गेले. वय अवघे सत्तावीस.

१९१७ साली टिळकांनी आणखी एक उडी घेतली. मिशनचे वेतन सोडले आणि देवाचा दरबार म्हणून नवी मंडळी काढली. तीत बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्तभक्त म्हणून यावेत अशी त्यांची कल्पना होती. येशूला ओळखण्यासाठी इंग्रजाळण्याची गरज नाही, हिंदी माणसाने हिंदीच राहावे, हे ते नेहमी सांगत. विचार उदात्त खरा. पण वेतन सुटले म्हणजे महिन्याच्या पहिल्या तारखेला घरात काय होते हे गृहिणीला विचारावे. हा दरबार फार दिवस चालवणे टिळकांच्या नशिबी नव्हते. ९ मे १९१९ रोजी मुंबईस ते वारले.

बाई तेव्हा पन्नाशीच्या होत्या. मुलाच्या आधारावर नुसते बसून राहावे तर तेही त्यांनी केले नाही. मुंबईत भायखळ्याला मुलींच्या वसतिगृहावर मेट्रन म्हणून नोकरी धरली. ज्या बाईला कोणी कधी पगार दिला नव्हता, तिला आता त्याच कामाचा, म्हणजे मुलींना जेवू घालण्याचा आणि सांभाळण्याचा पगार मिळू लागला. पुढे मुलाबरोबर कराचीस राहून आल्या आणि अखेरची वर्षे नाशिकला काढली.

टिळकांनी ख्रिस्तायन नावाचे मोठे काव्य आरंभले होते. सुमारे दहा अध्याय होऊन ते अपुरे राहिले होते. त्याचे पुढचे साठांहून अधिक अध्याय या अक्षर ओळख नवऱ्याकडून शिकलेल्या बाईने लिहिले. शेवटचा तेवढा मुलगा देवदत्ताने जोडला. स्मृतिचित्रे झाले तेही असेच. देवदत्त वडिलांचे चरित्र लिहायच्या विचारात होते, त्यासाठी आईला आठवणी लिहून दे म्हणाले. आईने लिहावयास घेतले, आणि वडिलांच्या चरित्राऐवजी घराचेच चरित्र झाले. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे चार भाग निघाले. चौथा भाग पुरा होण्यापूर्वीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी, बाई नाशिकला वारल्या, तो मुलाने पुरा केला. २०१७ साली शांता गोखले यांनी या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर केले, तेव्हा आपल्या शाळेत जाणाऱ्या मुलींनाही ते वाचता येईल. पण मराठीत वाचावे असे माझे मत आहे, त्यातली बोली दुसरीकडे मिळणार नाही.

वाचन संपल्यावर मी ते पुस्तक शेजारच्या बाईंना दिले. नाव त्यांनी अर्थातच ऐकले होते, उपासनेत गीते तर पाठच, पण लक्ष्मीबाईंचे पुस्तक सबंध वाचायला सवड मिळाली नव्हती. चार दिवसांनी विचारले तर म्हणाल्या, ‘‘दुष्काळाच्या मुलांपर्यंत आले, आणि पाहुणे आले.’’ आठवड्याने विचारले तर पुन्हा पाहुणे. परवा मात्र जिन्यात भेटल्या तेव्हा सांगू लागल्या की पाळकसाहेबच आता रात्री जेवणानंतर वाचून दाखवतात, आणि भांडणाची पाने आली की वाचायचे थांबून चष्मा पुसू लागतात.

मंडळाच्या ग्रंथालयाची परत करायची तारीख केव्हाच उलटून गेली आहे. पुस्तक माझ्या नावावर आहे. चालकांनी दंड घेऊ नये ही विनंती.