मधले सहा तास

आपल्या नात्यात निदान पंधरा-वीस माणसं अशी आहेत की ज्यांना मुंबई फक्त "मध्ये" लागते. न्यूजर्सीहून कोल्हापूरला, मस्कतहून नागपूरला, कुठूनही कुठेही... आणि दोन विमानांच्या मध्ये आठ-नऊ तास. मग फोन येतो, "काय करू रे एवढा वेळ?" आपलं ठरलेलं उत्तर, "आमच्याकडे ये जेवायला." तो बिचारा बोरिवलीला किंवा ठाण्याला येतो, घाईघाईत वरणभात खातो, येता-जाता चार तास ट्रॅफिकमध्ये काढतो आणि विमानतळावर परत जाताना आपण सगळे त्याच्यापेक्षा जास्त दमलेले असतो. ही प्रथा आता बंद करावी असा माझा प्रस्ताव आहे :)

कारण आता खरंच दुसरी सोय झाली आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो आरेपासून थेट कफ परेडपर्यंत धावते. टर्मिनल दोनला बसायचं आणि दादर, गिरगाव किंवा काळबादेवीला जमिनीखालून वर यायचं. नऊ तासांतले तीन तास इमिग्रेशन, सामान आणि परतीच्या चेक-इनसाठी बाजूला ठेवले तरी सहा तास हातात उरतात. (दोन सूचना. परदेशी पासपोर्ट असेल तर ओसीआय कार्ड किंवा व्हिसा हवाच, नाहीतर बाहेर सोडत नाहीत. आणि आता नवी मुंबईलाही विमानतळ झाला आहे, तेव्हा दोन्ही विमानं एकाच विमानतळावरची आहेत ना, ते तिकिटावर नीट बघा.)

प्रश्न एवढाच की सहा तासांत बघायचं काय. सगळे गेटवे म्हणतात. बघा, पण माझ्या मते ती चुकीची निवड आहे. गेटवे १९२४ साली बांधून पूर्ण झाला, पुढे तो व्हाइसरॉय-गव्हर्नरांच्या आगमनासाठी वापरला गेला, आणि त्या साहेबांना मुंबईत ताटकळावं लागू नये याची चोख व्यवस्था होती. बॅलार्ड पिअरला रेल्वेचं एक खास स्टेशनच होतं. टपाल-बोट धक्क्याला लागली की साहेबमजकूर बोटीतून उतरून थेट आगगाडीत चढायचे. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेलसुद्धा बोटीच्या वेळेला तिथून सुटायची. आज ज्याला आपण "कनेक्टिंग" म्हणतो ते त्यांना शंभर वर्षांपूर्वी मिळत होतं. मुंबईत थांबून राहण्याचा इतिहास त्यांचा नाहीच. तो कोकणातून, घाटावरून, गोव्यातून आलेल्या माणसांचा आहे, आणि तो बघायचा तर दादरला उतरून परळच्या दिशेने निघावं लागतं.

दादरला फार रेंगाळू नका. 'प्रकाश'मध्ये साबुदाणावडा आणि पियूष, की निघा. टॅक्सी करा आणि परळ-शिवडीच्या बाजूला बारादेवीचं देऊळ विचारा. टॅक्सीवाल्याला माहीत असेलच असं नाही, पण आजूबाजूचे लोक सांगतात. इथे एक शिळा आहे. सुमारे साडेतीन मीटर उंच, एकाच पांढरट दगडातली. मधोमध शिव उभा, त्याच्या देहातून वर दुसरा, त्यातून तिसरा, बाजूंनी आणखी चार उगवत गेलेले, आणि पायाशी वाद्यं वाजवणारे गण. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकातलं हे काम, म्हणजे घारापुरीच्या लेण्यांच्या आसपासच्या काळातलं. १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना ती सापडली. तिची प्लास्टरची प्रतिकृती म्युझियममध्ये आहे. मूळ शिळा मात्र इथेच, पूजेत. "मुंबई म्हणजे इंग्रजांनी वसवलेलं शहर" हे वाक्य शाळेत पाठ केलेल्या प्रत्येकाला इथे पाच मिनिटं उभं करायला हवं.

तिथून जवळच हाफकिन इन्स्टिट्यूट. हा कधीकाळी गव्हर्नरचा बंगला होता, त्याही आधी पोर्तुगीज पाद्र्यांचा मठ. १८९६ साली मांडवीला प्लेग निघाला. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा या बंगल्यात आली. आत मनासारखं फिरता येत नाही, बाहेरूनच बघायचं. पण प्लेगची दुसरी खूण परळभर पसरली आहे. साथीनंतर १८९८ साली सरकारने सुधारणा ट्रस्ट काढला, आणि त्याच्या त्या बीआयटी चाळी. दामोदर हॉलजवळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत राहिले. मध्ये न्यूयॉर्क झालं, लंडन झालं, परत आले ते याच चाळीत. आपण विमानातून उतरल्यावर पाठ दुखते म्हणून कुरकुरतो... असो. चाळीत लोक राहतात, तेव्हा कॅमेरा काढण्याआधी विचारा.

आता लालबाग. इथे मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण हा आपल्या घरचा मामला आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांनी "मुंबईला नोकरीला होतो" एवढंच सांगितलं. कुठल्या गिरणीत, साचाखात्यात की आणखी कुठे, राहायचे कुठे, हे कोणी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. राहायचे ते गावकीच्या खोलीत. एका गावच्या लोकांनी मिळून भाड्याने घेतलेली दहा बाय बाराची खोली, त्यात वीस-पंचवीस माणसं. गिरणी पाळीवर चालायची म्हणून खोलीही पाळीवर चालायची. रात्रपाळीचा माणूस आला की दिवसपाळीच्या माणसाने सोडलेल्या जागेवर पथारी टाकायचा. भिंतीला प्रत्येकाची एक ट्रंक, खुंटीला कपडे. नवीन पोरगा गावाहून आला की नोकरी लागेपर्यंत त्याचं जेवणखाण बाकीचे बघायचे. बायको-मुलं गावाला. मुंबई म्हणजे मधला मुक्काम, घर नव्हे, हे धरूनच सगळं चालायचं. फक्त तो मुक्काम तीस-पस्तीस वर्षांचा असायचा.

या पुरुषांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका हा या इतिहासाचा निम्मा भाग, आणि तो कायम राहून जातो. सावकाराकडून उधार घेऊन धान्य भरायचं, महिनाभर दोन्ही वेळचं करून घालायचं आणि पगार झाला की पैसे मिळायचे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांचं काम "धंदा" म्हणून मोजलं गेलं.

मग १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप औपचारिकपणे मागे घेतला गेलाच नाही. गावी "चार दिवस जाऊन येतो" म्हणून गेलेली माणसं परत आलीच नाहीत. पुढे १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग शहराला आणि एक तृतीयांश घरांसाठी द्यायचं ठरलं. २००१ साली नियम असा बदलला की ही वाटणी फक्त मोकळ्या जागेची करायची. गिरणीच्या जमिनीवर मोकळी जागा असणार किती? २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम ठेवला. फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल झाला, चिमणी तेवढी शोभेला उभी आहे. घरासाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची आणि वारसांची संख्या दीड लाखाच्या वर, आणि २०१२ पासून सोडती निघत असूनही बहुतेक जण अजून रांगेतच आहेत. मुलांना मॉल दाखवायचाच असेल तर तो दाखवा, पण चिमणी कशाची ते सांगा.

लालबागचा राजा बहुतेकांना टीव्हीवरून माहीत असतो. पेरू चाळीचा बाजार १९३२ साली बंद झाला, मच्छीमार आणि भाजीवाले उघड्यावर आले, त्यांनी कायमच्या जागेसाठी नवस केला, जागा मिळाली आणि १९३४ साली गणपती बसला, अशी त्याची गोष्ट आहे. म्हणजे तोही जागेचाच नवस. चिवडा गल्लीतून पाव किलो घ्या (विमानात वास येतो, डबा घट्ट बंद करा) आणि गिरगावकडे निघा.

गिरगावात केशवजी नाईकांची चाळ आहे. तिथला सार्वजनिक गणपती १८९३ चा, मुंबईतला पहिला. खोताची वाडीही चुकवू नका. पण मेट्रोच्या स्टेशनातून वर येताना हेही लक्षात असू द्या की याच स्टेशनांसाठी गिरगाव-काळबादेवीतल्या जुन्या इमारती पाडल्या गेल्या आणि तिथल्या लोकांना बिऱ्हाडं हलवावी लागली. आपली सोय झाली ती कोणाच्या तरी जागेवर.

शेवटचा तासभर धोबी तलावासाठी ठेवा. मेट्रो सिनेमाजवळ जेर महाल नावाची जुनी इमारत आहे. तिच्यात गोव्यातल्या गावांचे "क्लब" आहेत. क्लब म्हणजे दारू-पत्ते नव्हे, गोंयकार त्याला कूड म्हणतात. गोव्याचे तारवटी, म्हणजे ब्रिटिश कंपन्यांच्या बोटींवर खलाशी, आचारी, वाढपी म्हणून जाणारे लोक, एका बोटीतून उतरून दुसरी मिळेपर्यंत मुंबईत थांबायचे. कधी आठवडा, कधी कित्येक महिने. हॉटेल परवडणार नाही म्हणून एकोणिसाव्या शतकापासून गावागावाने आपली कूड काढली. एक मोठी खोली, भिंतीशी ओळीने ट्रंका, एका टोकाला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायचा, नाममात्र भाडं, दारू पिऊन यायचं नाही. वर्षातून एकदा गावच्या संताचं फेस्त. माणूस बोटीवर असला तरी त्याची ट्रंक इथेच. फ्रंटियर मेल ज्यांच्यासाठी धक्क्यावर उभी असायची त्यांच्याच बोटीवर हे लोक बशा मांडत होते.

गिरणगावातली गावकीची खोली आणि धोबी तलावची कूड यांत फारसा फरक नाही, वेदीच्या जागी गणपतीचा फोटो आला एवढंच. तरी मराठी इतिहासलेखनात पहिलीवर थोडंफार सापडतं, दुसरीवर फारच कमी. गोव्याकडच्या आपल्या मंडळींनी मनावर घ्यायला हवं.

कूडी कमी होत गेल्या, पण संपल्या नाहीत. क्रूझवर नोकरी लागलेली गोव्याची पोरं आजही मेडिकल आणि व्हिसासाठी मुंबईला आली की तिथेच उतरतात. त्यांचं जहाज मायामीला किंवा बार्सिलोनाला उभं असतं, आणि ते पकडायला ती सहारवरून विमानानेच जातात. तेव्हा परतीच्या मेट्रोत बॅग सांभाळत उभा असलेला एखादा पोरगा दिसला तर विचारा, बहुधा त्याचंही टर्मिनल दोनच असेल.